मास्तरांची मगर

मास्तरांनी आयुष्यात एकच थाप मारली, पण ती एकतीस वर्षं मारली.

थाप खारफुटीच्या जंगलाबद्दल होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आठवीला तो धडा चालू असताना मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही बघितलंय का हो हे जंगल?" आणि शिंक यावी तसं मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "बघितलंय म्हणजे? गुडघाभर चिखलात उभा होतो मी!" शिंक काही परत नाकात घालता येत नाही. पुढच्या वर्षी त्यात झाडांची उंची आली. शेंडा बघायला मान वर केली तर टोपी मागे पडली, अशी. पाचव्या की सहाव्या वर्षी, दुपारच्या तासाला पोरं पेंगायला लागली म्हणून मगर आली. सुरुवातीला ती बिचारी लांब पलीकडच्या काठावर पडलेली असायची. पण मास्तरांचा अनुभव जसजसा वाढत गेला तसतशी ती जवळ येत गेली, आणि निवृत्तीच्या वर्षी तर तिनं मास्तरांपासून दोन हातांवर जांभई दिली आणि मास्तरांनी तिचे दात मोजले.

खरी गोष्ट अशी की ते जंगल शहरासमोरच्या बेटावर होतं, बेटावर जायला दीड तासाची बोट होती, आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीकडे नुसतं बघूनही मास्तरांना मळमळायचं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एक पत्र आलं. पत्र त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. ती आता बेटावरची वनाधिकारी झाली होती. ‘आदरणीय सर, तुमच्या त्या तासामुळेच मी या खात्यात आले. गेली आठ वर्षं तुमच्याच बेटावर आहे. जंगलातून नवी लाकडी पायवाट बांधली आहे, ती लोकांना खुली होण्याआधी तुम्ही पाहावी अशी फार इच्छा आहे. शिवाय मगरीबद्दल काही विचारायचं आहे. ते प्रत्यक्षच बोलू.’

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. ‘तुमच्याच बेटावर’ हे शब्द त्यांना खुपले, आणि ‘मगरीबद्दल’ या शब्दाशी आल्यावर तिन्ही वेळा त्यांनी चष्मा पुसला.

"अहो, तुम्ही बेटावर कधी गेला होतात?" बायकोनं विचारलं. ती पोस्टात तीस वर्षं खिडकीमागे बसलेली. समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या लिफाफ्याचं वजन ओळखायची तिला सवय होती.

"लग्नाआधी," मास्तर म्हणाले.

लग्नाआधी ही नवऱ्यांची मोठी सोयीची जागा आहे. घरात कुठे न मावणारं काहीही तिथं नेऊन ठेवता येतं.

मास्तरांचा बेत साधा होता. गुडघा दुखतो असं सांगायचं आणि दोन ओळींचं उत्तर पाठवून मोकळं व्हायचं. पण खालच्या मजल्यावर कंपाउंडर राहायचा. चाळीस वर्षं एका दवाखान्यात औषधं बांधून दिल्यामुळे डॉक्टरांना जे कळतं ते आपल्यालाही कळतं, आणि जे कळत नाही तेही कळतं, अशी त्याची खात्री होती. गुडघ्याचं ऐकताच तो कुठल्याशा काळ्या मलमाची बाटली घेऊन वर आला आणि त्यानं असं काही चोळलं, की तिसऱ्या दिवशी निव्वळ स्वसंरक्षणासाठी मास्तरांना गुडघा बरा झाल्याचं जाहीर करावं लागलं.

"आता निघायचं!" कंपाउंडर म्हणाला. "मी येतो बरोबर. तुम्हाला एकट्याला त्या चिखलात नाही सोडायचा मी. मास्तर, चिखल जिवंत असतो. आणि बेटावरचा डास म्हणजे उपाशी डास. त्याला महिन्यातून एकदा माणूस मिळतो."

"तिथं माणसं राहतात हो," बायको म्हणाली.

"ती त्याच्या ओळखीची झालेली असतात, वहिनी. त्यांना सोडतो तो."

मग इमारतीतल्या इतरांचे सल्ले आले. कुणी म्हणालं अंगाला रॉकेल लावा, कुणी म्हणालं चुकूनही लावू नका, मगरीला तो वास आवडतो. कंपाउंडरनं स्वतःचे गमबूट आणून दिले. ते दहा नंबरचे होते आणि मास्तरांचा पाय सातचा. उरलेली जागा मास्तरांनी वर्तमानपत्रांनी भरून काढली. पहिल्यांदा घालून खोलीत चालून बघितले, तेव्हा पाय पुढे जात होते आणि बूट मागाहून विचार करून येत होते.

बोट सकाळी सातची होती. त्या दीड तासाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. मास्तरांनी वारा ज्या बाजूनं येत होता नेमकी तीच बाजू पकडली आणि समुद्राला द्यायचं होतं ते सगळं दिलं. वाऱ्यानं त्यातलं बरंचसं परत केलं. बायकोनं त्यांचा सदरा पुसला आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. कंपाउंडर मात्र खूश होता. पित्त पडून गेलं, असं त्याचं निदान होतं.

बेटावर उतरल्यावर समोरच वनखात्याचं कचेरीवजा घर आणि त्याला एक खिडकी. खिडकीत कारकून.

"आम्हाला मॅडमनी बोलावलंय," मास्तर शक्य तितक्या रुबाबात म्हणाले. सदरा ओला असताना रुबाबाला मर्यादा पडतात.

"बोलावलं असेल. परवाना लागतो. मॅडमच्या पाहुण्यांना लागतो. मॅडमना स्वतःला लागतो. हा अर्ज भरा, आजोबा."

आजोबा! मास्तर साठ वर्षांचे होते आणि त्यांचे दात अजून त्यांचेच होते. पण अपमान गिळून त्यांनी अर्ज घेतला. नाव, पत्ता, वय, उद्देश, सगळं ठीक चाललं होतं. सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं. ‘यापूर्वी या वनास भेट दिली आहे काय? असल्यास दिनांक व परवाना क्रमांक लिहावा.’

कंपाउंडर खांद्यावरून वाकून वाचत होता. त्याचा श्वास मास्तरांच्या कानाला लागत होता.

मास्तरांनी ‘होय’ लिहिलं. पस्तीस वर्षांपूर्वीचं एक साल लिहिलं. परवाना क्रमांकाच्या जागी ‘गहाळ’ लिहिलं. कारकुनानं अर्ज वाचला, उठला, आणि मागच्या कपाटातून एक जाडजूड वही काढून घेऊन आला.

"गहाळ झाला तरी इथं नोंद असते," तो आनंदानं म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या वहीचा उपयोग होत होता. त्यानं पान न् पान बोटानं तपासलं. मास्तर बघत राहिले. एवढ्या काळजीनं त्यांनी वार्षिक परीक्षेचे पेपरही कधी तपासले नव्हते.

"नोंद नाही. म्हणजे एकतर तुम्ही आलाच नव्हतात, नाहीतर विनापरवाना शिरला होतात. विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. काय लिहू?"

आता माणसानं अशा वेळी काय करावं? एका बाजूला गुन्हा, दुसऱ्या बाजूला खोटेपणा, आणि मधे कंपाउंडर. उद्या संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतीच्या गच्चीपर्यंत जाणार होती. मास्तरांनी छाती पुढे काढली.

"शिरलो होतो," ते म्हणाले. "विनापरवाना."

कारकुनानं कबुलीजबाब लिहून घेतला. मास्तरांनी सही केली. कंपाउंडरच्या डोळ्यांत असा आदर उमटला की तसा मास्तरांना एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही माणसाच्या डोळ्यांत दिसला नव्हता. "मास्तर, तुमच्यात एवढी धमक असेल असं वाटलं नव्हतं हो मला!"

कारकून कबुलीजबाब वाळवत होता. अचानक तो थबकला. "शिक्षक... भूगोल... थांबा, थांबा. तुम्हीच का ते मगरवाले?" आणि उत्तराची वाट न बघता आत तोंड करून ओरडला, "मॅडम! मगरवाले आले!"

आतून वनाधिकारी जवळजवळ धावतच आली. उन्हानं रापलेला चेहरा, बाह्या कोपरापर्यंत वळलेल्या. मास्तरांना ती आठवेना, पण तिचा ‘सर!’ ऐकल्यावर तिसऱ्या बाकावर बसून कधीही न पेंगणारी एक मुलगी आठवली. नेमक्या न पेंगणाऱ्या मुलीनंच मगर खरी मानावी, यात मास्तरांना दैवाचा हात दिसला.

पायवाट कचेरीच्या मागूनच सुरू होत होती. चिखलावर खांब रोवून त्यावर फळ्या टाकलेल्या. दोन्ही बाजूंना हिरवंगार दाट रान, आणि चिखलातून हजारो मुळं वर आलेली, कुणीतरी पेन्सिली उलट्या खोवून ठेवल्यासारखी. त्या पेन्सिलींच्या मधून बोटभर मासे चक्क उड्या मारत चालले होते. धड्यात हे सगळं होतं. पण धड्यात याला वास नव्हता आणि टिकटिक असा आवाजही नव्हता. मास्तर सगळं विसरून वाकून बघायला लागले.

"मास्तर," मागून कंपाउंडरचा आवाज आला. "शाळेतली पोरं सांगायची ती टोपी कुठं पडली होती हो?"

मास्तरांनी मान वर केली. मान वर करायची गरजच नव्हती. जंगल त्यांच्या खांद्याला लागत होतं. एकदोन झाडं फार तर कपाळापर्यंत.

"हवामानामुळे," वनाधिकारी म्हणाली. "हे बेट उपोष्ण पट्ट्यात येतं ना. खारफुटीला याहून जास्त थंडी सोसत नाही, म्हणून इथं ती खुरटीच राहते. पहिल्या दिवशी मीही चक्रावले होते. सरांनी तर सांगितलं होतं, शेंडा दिसत नाही. मग माझ्या लक्षात आलं, सर त्या वेळी चिखलात रुतले होते. म्हणजे खालून बघत होते!"

"बरोबर," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

वळणावर एक खाडी आत शिरत होती. अरुंद, शांत, दोन्ही बाजूंनी फांद्या पाण्यावर आलेल्या. तिच्या तोंडावर साखळी बांधलेली होती आणि साखळीला मोठी पाटी: ‘सावधान! मगरीचा वावर. प्रवेश बंद.’ साखळीच्या अलीकडे एक होडी होती आणि होडीत पन्नाशीची एक दणकट बाई खेकड्यांचे पिंजरे रचत होती.

"सर, हीच ती मगरीची खाडी," वनाधिकारी म्हणाली. "मी इथं आले तेव्हा सगळे म्हणाले, या बेटावर मगर कधी नव्हतीच. पण मी तुमचं नाव घेऊन नोंद केली. तीन महिने मी रोज पहाटे दुर्बीण घेऊन बसले. चाळीस पानांचा अहवाल लिहिला. दिसली नाही. पण खातं म्हणालं, दिसली नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे? खाडी बंद केली. आता ती उघडायची तर मूळ साक्षीदाराचा जबाब हवा. सर, आठवून सांगा. ती मगरच होती का?"

"आठ वर्षं झाली," होडीतली खेकडेवाली पिंजऱ्यांवरची नजर न काढता म्हणाली. "या खाडीतून पलीकडं जायला अर्धा तास लागायचा. आता आम्ही बायका बाहेरून, उघड्या समुद्रातून टोकाला वळसा घालतो. गेल्या वर्षी माझ्या जावेची होडी उलटली. जीव वाचला, पण हात मोडला तो मोडलाच. पिंजरा उचलता येत नाही तिला. कुणी बघितली होती हो ही मगर?"

आजवर त्यांना वाटायचं, थाप वर्गातच राहिली. तास संपला की फळ्याबरोबर पुसली गेली. ती बाहेर पडून, नोकरीला लागून, अहवालात शिरून कुणाचा हात मोडून बसली असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते एक पाऊल मागे सरले. नेमका पायवाटेच्या त्या बाजूला कठडा अजून बसवायचा होता.

पाय मागे गेले, बूट विचार करायला थांबले, आणि मास्तर फळीवरून थेट चिखलात उभे गेले. गुडघ्यांच्या वरपर्यंत.

"हलू नका!" कंपाउंडर ओरडला. "चिखल जिवंत असतो!"

"मी कधी आलोच नव्हतो!" मास्तर चिखलातून ओरडले. "मगर नव्हती! झाडं नव्हती! टोपी नव्हती! मी आज पहिल्यांदा आलोय इथं!"

"धक्का बसलाय," कंपाउंडर वनाधिकाऱ्याला हलक्या आवाजात म्हणाला. "स्मृती गेली. एक पेशंट होता आमचा, जिन्यावरून पडला तर बायकोला ओळखेना."

"सर, घाबरू नका, होतं असं," वनाधिकारी म्हणाली. "सगळं हळूहळू आठवेल."

"अगं, आठवण्यासारखं काही नाहीच!" मास्तर रडकुंडीला आले. एकतीस वर्षं खोटं बोलले तर एक पोरगं शंका घ्यायला उठलं नाही, आणि आयुष्यात एकदा खरं बोलले तर कुणी ऐकून घ्यायला तयार नाही.

"ते खरं बोलतायत," बायको म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. "मला बोटीतच कळलं. आधी एकदा जरी बोटीत बसलेला माणूस असता ना, तरी वाऱ्याकडे तोंड करून ओकला नसता."

कंपाउंडरनं स्मृतीचं निदान तिथल्या तिथं मागे घेतलं.

खेकडेवालीनं होडी जवळ आणली, मास्तरांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओढून फळीवर टाकलं. बूट आतच राहिले. वर्तमानपत्राचं एक पान तेवढं बुडबुडा येऊन वर आलं.

मास्तर अनवाणी, कमरेपर्यंत काळे, वनाधिकाऱ्यासमोर बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "पोरं पेंगत होती गं. म्हणून मगर आणली. तू एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं."

तीही फळीवर बसली. चिडेल, रडेल, हाकलून देईल, मास्तरांनी सगळ्याची तयारी ठेवली होती. तिनं फक्त एक लांबलचक श्वास सोडला.

"आठ वर्षं, सर," ती म्हणाली, "मला वाटत होतं, मगर आहेच, फक्त मला ती दिसत नाहीये. मीच कुठंतरी कमी पडतेय." आणि मग ती हसायला लागली. थोडी रडलीही असावी, पण चिखल इतका उडाला होता की नक्की सांगता येणार नाही. "नंतरच्या पोरांकडून कळलं, दात मोजले होते तुम्ही, सर! किती होते?"

"तुमच्या वर्षी किती सांगितले होते?"

"मगर लांबच होती आमच्या वर्षी."

"मग बरं झालं," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत तो कुठे अडकला होता हे तो पडल्यावर कळलं.

कचेरीत मात्र नवीनच पेच उभा राहिला. मास्तर आले नव्हते, तर त्यांनी गुन्हा केला नव्हता. गुन्हा केला नव्हता, तर कबुलीजबाब खोटा होता. आणि सरकारी कागदावर खोटं लिहून देणं हा, कारकुनाच्या म्हणण्याप्रमाणे, आधीच्या गुन्ह्यापेक्षा मोठा गुन्हा होता. "मी सुचवू का?" तो मनापासून म्हणाला. "तुम्ही आला होतात असंच राहू दे. त्यात शिक्षा कमी आहे."

"काही नको," बायको पुढे झाली. खिडकीच्या कुठल्याही बाजूला उभी असली तरी खिडकी तिचीच असायची. "मूळ नोंद खोडायची नाही. खाली शेरा मारायचा, तारीख घालायची, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. आणा ती वही."

कारकुनानं तिच्याकडे भक्तिभावानं बघितलं आणि वही दिली. बराच खल होऊन शेरा ठरला: ‘उपरोक्त भेट प्रत्यक्षात घडलेली नाही. उपरोक्त मगर ही शैक्षणिक स्वरूपाची होती.’ साक्षीदार म्हणून कंपाउंडरनं सही केली आणि कुणी विचारलं नसताना खाली लिहिलं, ‘स्मृती शाबूत.’ वनाधिकाऱ्यानं शिक्का मारला आणि खाडी उघडली, म्हणजे कागदावर उघडली.

खेकडेवाली दारात उभी होती. "कागद झाला ते बरं झालं," ती म्हणाली. "पण आमच्या बायका कागदावर होडी नाही घालायच्या. आठ वर्षं मगर मगर ऐकलंय त्यांनी. पोरंबाळं आहेत त्यांना. कुणीतरी आधी जाऊन यायला पाहिजे." तिनं मास्तरांकडे बोट केलं. "मास्तर, नाही म्हणता ना मगर? मग बसा पुढं."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं दुसरीकडे बघितलं. कंपाउंडर म्हणाला की त्याला यायला फार आवडलं असतं, पण कुणीतरी औषधांच्या पिशवीपाशी थांबायला हवं.

मास्तर होडीत चढले. चढले म्हणजे खेकडेवालीनं त्यांना पिंजऱ्यासारखं उचलून पुढच्या फळीवर ठेवलं आणि रिकामं बसू नका म्हणून हातात एक वल्हं दिलं. साखळी सुटली. खाडीच्या तोंडाशी पाचसहा बायका जमल्या होत्या आणि त्या होडीकडे नाही, पाण्याकडे बघत होत्या.

खाडीत ऊन फांद्यांमधून तुकड्यातुकड्यांनी खाली येत होतं. पाणी इतकं शांत होतं की मास्तरांच्या पोटाला समुद्र आठवेना. एक पांढरा बगळा एका पायावर उभा होता. त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि दुसरा पाय टेकवायचीही तसदी घेतली नाही. काठाच्या मुळांवर लाल खेकडे एक नांगी वर करून उभे होते. कुणीही कुणाला खायला आलं नाही. अर्ध्या वाटेवर मास्तरांनी मागे वळून हात हलवला, आणि मागच्या बायकांमधून पहिली होडी ढकलल्याचा आवाज आला. मग दुसरी.

खेकडेवाली पहिल्यांदाच हसली. "शाळेत काय शिकवायचात, मास्तर?"

"भूगोल. डोंगर, नद्या, समुद्र. भरती-ओहोटी."

"बरं. मग सांगा, आत्ता पाणी कुठल्या बाजूला ओढतंय?"

मास्तरांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. चंद्राच्या आणि सूर्याच्या आकर्षणाची आकृती डोळ्यांसमोर आणली, नीट विचार केला, आणि पूर्ण आत्मविश्वासानं बोट दाखवलं.

"वल्हं द्या इकडं," खेकडेवाली म्हणाली.

मास्तरांनी ते ताबडतोब देऊन टाकलं.